जाड तार झणझणते : नवा बेस घ्यावा की आहे तोच नीट लावून घ्यावा?

नवखा_खर्ज
नमस्कार मंडळी. वर्षभरापासून बेस गिटार वाजवतोय. चार तारांचा साधा पॅसिव्ह (बिनबॅटरीचा) बेस आहे, ३४ इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी), दोन पिकअप (तारांचा कंप पकडणारे चुंबक). सुरुवातीला काही तक्रार नव्हती, पण हल्ली जाड ई तार वाजवली की फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) घासल्यासारखी झणझणते. डावा हातही लवकर दुखायला लागतो. त्यातच आता ड्रमर आणि दोन गिटारवाल्यांबरोबर सराव सुरू झालाय, आणि माझा घरचा १५ वॉटचा ऍम्प तिथे ऐकूच येत नाही.

नवा, चांगल्या प्रतीचा बेस घ्यावा का? की आधी ऍम्प? आणि सराव नेमका कशाचा करावा? व्हिडिओ इतके बघितलेत की आता काहीच सुचेनासं झालंय.

मंद्रसप्तक
बेस बदलायची घाई करू नका. आधी तीन गोष्टी तपासून सांगा.
मोकळी, म्हणजे कुठेही न दाबलेली तार झणझणते का? नसेल तर कोणत्या फ्रेटपासून कोणत्या फ्रेटपर्यंत आवाज येतो? आणि तो ऍम्पमधून ऐकू येतो, की नुसता कानाला लाकडावरून?
एवढं कळलं की निम्मं दुखणं कळतं.

पट्टी_चार
फ्रेटच्या मधोमध दाबत असाल. बोट फ्रेटच्या अगदी मागे, जवळजवळ टेकून ठेवा. निम्म्या जोरात सूर स्वच्छ येतो.

भिंतीपलीकडे
तुम्ही फक्त झणझणीची काळजी करताय, शेजाऱ्यांचाही विचार करा. :) आमच्या गायकाचा एक शब्द पलीकडे जात नाही, पण माझी चुकलेली नोट दोन घरं सोडून ऐकू येते. खर्जाला भिंत अडवत नाही.

नवखा_खर्ज
धन्यवाद! आत्ताच बघितलं. मोकळी तार स्वच्छ वाजते. पहिल्या ते साधारण पाचव्या फ्रेटपर्यंत झणझण आहे, त्यापुढे कमी होत जाते आणि बाराव्याच्या पुढे अजिबात नाही. ऍम्पमधूनही थोडी ऐकू येते, विशेषतः जोरात वाजवलं की. बाकीच्या तारांनाही आहे, पण जरा कमी.

@पट्टी_चार, बोट मागे टेकवून बघितलं. फरक पडला, पण पूर्ण गेली नाही.

मंद्रसप्तक
उत्तम निरीक्षण. आता एकच प्रश्न : झणझण सुरू व्हायच्या आसपास तारा बदलल्या होत्या का? बदलल्या असतील तर आधीची जाडी कोणती आणि आत्ताची कोणती?

मधली_तार
इथे मी जरा विरोधी सूर लावते. सेटअप (वाद्याची जुळणी) महत्त्वाचा आहेच, पण हात दुखतो हे वाक्य सगळ्यांनी ओलांडून पुढे जाऊ नये.

पहिल्या पाच फ्रेटमध्ये बेसचे फ्रेट खूप लांब-लांब असतात. नवशिके गिटारवाल्यांचं बघून एका फ्रेटला एक बोट असं चारही बोटं ताणून धरतात. मनगट वाकतं, अंगठा मानेमागून घट्ट चिमटा काढतो आणि पंधरा मिनिटांत हात भरून येतो. उभ्या डबल बेसवाल्यांची जुनी पद्धत बघा, फ्रान्झ सिमांडलच्या नावाने ओळखली जाते. पहिलं बोट, दुसरं बोट, आणि मग तिसरं-चौथं मिळून एक. म्हणजे तीन फ्रेटचाच पल्ला, आणि पुढची नोट हवी असली की बोट न ताणता अख्खा हात सरकवायचा. वरच्या फ्रेटवर, जिथे अंतर कमी होतं, तिथे खुशाल चार बोटं वापरा.

आणि एक प्रयोग करा : अंगठा मानेवरून पूर्ण उचला आणि नुसत्या हाताच्या वजनाने नोट वाजवा. वाजते! मग अंगठ्याचा एवढा जोर कशासाठी लावतो आपण?

सुतारपक्षी
@मधली_तार, अंगठ्याच्या प्रयोगाला +१. शिकवताना मीही पहिल्यांदा हेच करून घेतो.

नवखा_खर्ज
@मंद्रसप्तक, हो! हात दुखतो म्हणून हलक्या तारा लावल्या. आधी ४५-१०५ होत्या, आता ४०-९५ आहेत (सर्वात बारीक आणि सर्वात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात). पण तारा हलक्या केल्याने झणझण का वाढावी? दाबायला सोप्या झाल्या आहेत हे मात्र खरं.

मंद्रसप्तक
सापडलं. सविस्तर लिहितो, कारण हे एकदा समजलं की पुढे कधीच कुणावर अवलंबून राहावं लागत नाही.

स्केल तेच, सूर तोच, तर तारेचा ताण तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो आणि वजन साधारण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात. १०५ ची ९५ केली की ई तारेचा ताण जवळपास पाचव्या-सहाव्या हिश्शाने उतरला. चारही तारांचं तेच झालं. मान दोन शक्तींमध्ये उभी असते : तारा तिला पुढे ओढतात, आतली ट्रस रॉड (धातूची सळई) मागे ओढते. तारांची ओढ कमी झाली, रॉड तशीच राहिली, म्हणून मान सरळ झाली, कदाचित किंचित मागेही वाकली.

आणि मानेला थोडा बाक हवाच असतो. तार कंप पावताना मधल्या भागात सर्वात जास्त फुगते, तिला जागा लागते. मान अगदी सरळ असेल तर सुरुवातीच्या फ्रेटवर दाबलेली तार पुढच्या फ्रेटना आपटते. तुमची झणझण पहिल्या पाचात आहे आणि वर नाही, ही त्याचीच खूण. मोकळी तारच तेवढी झणझणली असती तर मी नटची (डोक्यापाशी तारा टेकतात त्या पट्टीची) खाच खोल गेली म्हणालो असतो. फक्त वरच्या फ्रेटवर असती तर सॅडल (धडाकडे तार टेकते तो आधार) खाली बसलंय किंवा मान जिथे धडाला मिळते तिथे उंचवटा आहे, असा संशय घेतला असता. शिवाय हलकी तार जास्त रुंद डोलते, त्याचाही थोडा हातभार.

मोजायचं असं. बेस सुरात लावा आणि वाजवताना धरता तसाच धरा, आडवा टेबलावर ठेवू नका. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. मान धडाला मिळते त्या फ्रेटवर ई तार बोटाने दाबा. आता आठव्या फ्रेटच्या वर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघा. साधारण ०.३ मिमी हवी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर पत्त्यांच्या कॅटमधलं एक पान घ्या, त्याची जाडी जवळपास तेवढीच असते. पान तार न उचलता सरकलं पाहिजे. तुमच्याकडे बहुधा फटच नसेल.

नसेल तर ट्रस रॉड सैल करायची, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने, एका वेळी पाव फेरा. पुन्हा सूर लावा, पुन्हा मोजा. लाकूड सावकाश हलतं, म्हणून रात्रभर ठेवून सकाळी परत मोजा.

त्यानंतरच तारेची उंची. सतराव्या फ्रेटवर ई खाली साधारण २.४ मिमी आणि जी खाली २ मिमी, हे फेंडर पद्धतीच्या बेसला धरून चालायला हरकत नाही. आणि सर्वात शेवटी इन्टोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं. हा क्रम उलटा करू नका. उंचीने मानेचं दुखणं बरं करायला गेलात तर बेस वाजवायला जड होतो आणि मूळ कारण तसंच राहतं.

सुतारपक्षी
वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत, पण सावधगिरीचे दोन शब्द घालतो. हाताखालून बऱ्याच माना गेल्यात.

पान्याचं माप अचूक हवं. ट्रस रॉडच्या इंची नटात मिलिमीटरचा ‘जवळपास बसणारा’ पाना घातलात की नटाचे कोन झिजतात, आणि मग मान सोलायची पाळी येते. काही बेसना हा रॉडचा नट डोक्याच्या बाजूला असतो, काहींना धडाच्या बाजूला. रॉड हाताला अडली, लाकूड करकरलं, तर तिथेच थांबा आणि जाणकाराकडे न्या. घट्ट करताना तर जाड तारा थोड्या ढिल्या करूनच फिरवा. सैल करताना एवढी भीती नाही.

आणि नव्या तारा लावताना एक छोटी गोष्ट लोक विसरतात. तार सॅडलवरून पुढे निघते तिथे ती कमानीसारखी उठलेली असते. सॅडलच्या अगदी पुढे बोटाने हलकेच खाली दाबून तिला सरळ करा, डोक्याकडच्या तारांच्या नटपाशीही तसंच. मोकळा सूर लगेच उतरेल, पुन्हा लावा. तारेचा आवाज आणि इन्टोनेशन दोन्ही सुधारतात.

पट्टी_चार
वाचनखूण साठवली आहे. पण एक शंका : एवढी कमी ऍक्शन (तारेची उंची) प्रत्येकाला हवीच का? बेसवादक जेम्स जेमर्सन मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या काळात १९६२ चा फेंडर प्रिसिजन बेस वाजवायचा, तारा फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्यांच्या, गुळगुळीत) आणि ऍक्शन बरीच उंच, आणि उजव्या हाताचं एकच बोट. त्याच्या ओळी आजही चार बोटं वापरून लोकांना जमत नाहीत.

मंद्रसप्तक
अजिबात सक्ती नाही. आकडे म्हणजे निघायची जागा. तिथून आपल्या हाताला रुचेल तिकडे जायचं. जोरात वाजवणाऱ्याला उंच हवी, हलक्या बोटांना खाली चालते. पण मानेचा बाक योग्य असणं ही दोघांचीही गरज आहे.

रोंबस
अवांतर होतंय, पण तारांचा विषय निघालाच आहे तर फ्लॅटवाउंडबद्दल लिहितो. मी राउंडवाउंड (गोल वेटोळ्यांच्या, खरबरीत) काढून फ्लॅट लावल्या आणि परत मागे वळलो नाही. बोटं सरकताना होणारी किरकिर गेली, फ्रेट कमी झिजतात, आणि सूर गोल, जाड, बँडच्या तळाशी बसणारा येतो. वर्षानुवर्षं बदलाव्या लागत नाहीत. उलट जुन्या होतील तशा गोड होतात.

भिंतीपलीकडे
@रोंबस, आमच्या बँडमध्ये फ्लॅट लावून बघितल्या होत्या. डिस्टॉर्शनच्या दोन गिटारींपुढे बेस गायब. राउंडवाउंडला ती जी पियानोसारखी धातूची कड असते ती अशा वेळी लागते. साठच्या दशकात रोटोसाउंड कंपनीच्या राउंडवाउंड आल्या आणि द हू बँडच्या जॉन एन्टव्हिसलसारख्यांनी बेसला पुढे आणलं, ते त्या कडेच्या जोरावरच. आणि बेसवादक जॅको पास्टोरियस तर फ्रेटलेसवर (बिनफ्रेटच्या बेसवर) राउंडवाउंड लावायचा. लाकूड खरवडू नये म्हणून फिंगरबोर्डावर इपॉक्सीचा थर दिलेला.

रोंबस
मान्य, संगीत कोणतं यावर आहे. पण फ्लॅट म्हणजे म्हाताऱ्यांच्या तारा हा समज मात्र सोडा.

मधली_तार
@नवखा_खर्ज, या वादात सध्या पडू नका. आणि फ्लॅट लावल्यातच कधी, तर एक लक्षात ठेवा. त्याच जाडीच्या फ्लॅट बऱ्याचदा जास्त ताणाच्या असतात. म्हणजे मान परत मोजणं आलं.

ठेक्याचा_माणूस
ऍम्पबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी लिहितो. ड्रमसेटबरोबर बेस वाजवायला १५ वॉट पुरणारच नाहीत, यात तुमचा दोष नाही. मोकळी ई म्हणजे ४१ हर्ट्झच्या आसपास. एवढा खालचा आवाज उभा करायला स्पीकरला खूप हवा ढकलावी लागते. दुप्पट वॉट म्हणजे दुप्पट आवाज हाही गैरसमज. दुप्पट वॉटला फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. बँडबरोबर २०० ते ३०० वॉट आणि दहा किंवा पंधरा इंची स्पीकर असेल तर निर्धास्त राहता येतं.

पण विकत घ्यायच्या आधी हे करून बघा. सरावाच्या जागी पीए (मोठे स्पीकर आणि मिक्सर) असेल तर डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीतून) बेस थेट मिक्सरमध्ये घाला. आणि ऐकू येत नाही म्हणून ऍम्पवरचा बेस नॉब वाढवू नका. छोट्या ऍम्पची सगळी ताकद त्या न ऐकू येणाऱ्या खर्जात संपते आणि स्पीकर फाटल्यासारखा वाजतो. खर्ज थोडा कमी करा, मिड (मधला आवाज) वाढवा, साधारण २५० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात. एकट्याने ऐकताना नाकात बोलल्यासारखं वाटेल, पण ड्रम सुरू झाले की तोच आवाज बाहेर येतो. ऍम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवा, तोंड कानाकडे करा. कोपऱ्यात ठेवलात तर खर्ज वाढतो, पण घुमतो आणि नोट कोणती ते कळेनासं होतं.

घरच्या सरावाला मात्र १५ वॉट भरपूर. हेडफोन असतील तर आणखी उत्तम.

पट्टी_चार
गिटारच्या ऍम्पमध्ये बेस घातला तर चालतो का हो?

ठेक्याचा_माणूस
हळू आवाजात चालतो. जोरात वाजवलात तर गिटारचा स्पीकर तेवढी हालचाल झेलत नाही, कायमचा जाऊ शकतो. दुसऱ्याचा ऍम्प असेल तर नकोच.

मधली_तार
आता धागाकर्त्यांचा तिसरा प्रश्न, जो माझ्या मते पहिला हवा होता : सराव कशाचा.

बेस वाजवणं म्हणजे नोट सुरू करणं जेवढं, तेवढंच ती बंद करणं. एकच ओळ, तेच सूर, पण दुसऱ्या मात्रेवर स्नेअर (ड्रमसेटमधला कडक वाजणारा ड्रम) पडायच्या क्षणी नोट सोडलीत तर ठेका उडी मारतो. स्नेअरच्या पुढे रेंगाळलात तर तोच ठेका बसून जातो. हे करून बघा, शब्दांनी पटणार नाही. मोकळी ए तार, चार मात्रा, पहिल्या मात्रेवर वाजवायची आणि दर वेळी वेगळ्या जागी बंद करायची : अर्ध्या मात्रेवर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. एका ड्रम लूपबरोबर (पुन्हापुन्हा वाजणाऱ्या रेकॉर्ड केलेल्या ठेक्याबरोबर) दहा मिनिटं एवढंच.

बंद करायचं म्हणजे दोन्ही हातांनी. डाव्या हाताचं बोट तारेवरून न उचलता फक्त दाब काढायचा. उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर कायमचा चिकटवून ठेवू नका. ए वाजवताना तो ई वर येऊन टेकला पाहिजे, डी वाजवताना आणखी खाली सरकला पाहिजे. नाहीतर न वाजवलेल्या तारा आपोआप गुणगुणत राहतात. घरी ते जाणवत नाही, मोठ्या ऍम्पवर सगळा चिखल होतो.

ठेक्याचा_माणूस
यात भर. मेट्रोनोम ४० वर लावा आणि तो ठोका दुसरी आणि चौथी मात्रा समजा. म्हणजे लय झाली ८०. पहिली मात्रा तुमची तुम्हाला ठेवायची आहे, ती कुणी सांगणार नाही. सुरुवातीला ठोका हळूच सरकून पहिल्यावर जाऊन बसतो. तसं झालं की थांबा, तोंडाने मोजा, पुन्हा. हे जमलं की ड्रमर तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो.

रोंबस
मला मेट्रोनोमचं एवढं प्रेम नाही. माणसांबरोबर वाजवून लय येते. जिवंत ड्रमर थोडा पुढे-मागे होतो, त्याच्याबरोबर श्वास घेता आला पाहिजे.

ठेक्याचा_माणूस
दोन्ही हवं. ड्रमर पुढे गेला हे कळायलाही आधी आपल्या आत लय असावी लागते. नाहीतर दोघं मिळून धावतात आणि गाणं संपल्यावर एकमेकांकडे बघतात.

भिंतीपलीकडे
आमचं शेवटचं गाणं नेहमी लवकर संपतं, त्याचं कारण आज कळलं. :)

नवखा_खर्ज
मंडळी, अहवाल. कॅपो लावून मोजलं. पत्त्याचं पान तर सोडाच, साधा कागदसुद्धा सरकत नव्हता, आठव्या फ्रेटवर तार टेकलेलीच होती. @सुतारपक्षी यांनी सांगितल्याप्रमाणे पान्याचं माप आधी पडताळून घेतलं. पाव फेरा सैल केला, सूर लावला, रात्रभर ठेवला. सकाळी कागद सरकला, पण पान अडकत होतं. आणखी थोडा, पाव फेऱ्यापेक्षाही कमी. आता पान सरकतं.

झणझण गेली. फार जोरात ओढलं तर दुसऱ्या फ्रेटवर किंचित येते, ऍम्पमधून अजिबात नाही. सॅडलना हातच लावावा लागला नाही, उंची २.५ च्या आसपास निघाली. आणि अंगठा उचलून वाजवायचा प्रयोग रोज करतोय, हात दुखणं बरंच कमी आहे.

एक नवीन गोष्ट दिसली : बाराव्या फ्रेटवर ई दाबली की ट्यूनर सूर चढा दाखवतो, मोकळी बरोबर असली तरी.

मंद्रसप्तक
शाब्बास! हे इन्टोनेशन. नव्या तारांचं वजन वेगळं, म्हणून सॅडलची जागाही वेगळी लागते. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणारा सूर) आणि तिथलीच दाबलेली नोट यांची तुलना करा. दाबलेली चढी असेल तर तार लांब करायची, सॅडल मागे, मानेपासून दूर. उतरलेली असेल तर पुढे. स्क्रू फिरवण्याआधी तार ढिली करा, आणि दर वेळी पुन्हा सूर लावून मगच तपासा. ट्यूनर ई वर डगमगत असेल तर टोन नॉब बंद करून मानेजवळचा पिकअप वापरा, काटा स्थिर राहतो.

पट्टी_चार
माझ्या बेसवर जी तारेला सहाव्या फ्रेटवरची नोट लगेच मरते. बाकी सगळ्या छान टिकतात. हाही सेटअपचाच दोष का?

सुतारपक्षी
नाही, याला डेड स्पॉट म्हणतात. बोल्ट केलेल्या लांब मानेच्या बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास हे अगदी नेहमीचं आहे, महागातल्या बेसवरही. मानेचा स्वतःचा कंप आणि त्या नोटेचा सूर जुळला की मान तारेची ऊर्जा पिऊन टाकते. डोक्याला छोटा क्लॅम्प लावून बघा, वजन बदललं की जागा सरकते. नाहीतर तीच नोट डी तारेच्या अकराव्या फ्रेटवर घ्या.

रोंबस
मग नवा बेस घेण्याचं काय ठरलं?

नवखा_खर्ज
सध्या रद्द. आहे तो बेस आता माझ्या हाताला बसलाय. आधी सरावाच्या जागेच्या मिक्सरमध्ये डीआयने वाजवून बघतो, त्यावर ऍम्पचं ठरवीन. एक शेवटचं : मित्राचा ऍक्टिव्ह बेस काही दिवस वापरायला मिळतोय, त्याची ९ व्होल्टची बॅटरी सारखी संपते म्हणे. का?

ठेक्याचा_माणूस
केबल लावून ठेवत असेल. बहुतेक ऍक्टिव्ह बेसमध्ये जॅकमध्ये केबल घातली की प्रीऍम्प (बॅटरीवर चालणारं आतलं सर्किट) चालू होतो, ऍम्प बंद असला तरी. वाजवून झालं की बेसकडची केबल काढा. आणि बॅगेत एक जादा बॅटरी असू द्या, ती कार्यक्रमाच्या मध्येच जाते.